जुन्या छायाचित्रातील मोटार : तिचा काळ कसा ओळखावा?



गेल्या वर्षीची गोष्ट. अकरावीचा एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे रेंगाळला आणि वहीत जपून ठेवलेले एक जुने छायाचित्र त्याने माझ्यापुढे ठेवले. पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेला कागद. चित्रात टप खाली केलेली एक उघडी मोटार. तिच्याशेजारी फेटा आणि लांब कोट घातलेले एक गृहस्थ. मोटारीच्या फूटबोर्डवर परकर-पोलक्यातली एक लहान मुलगी बसलेली. मागच्या बाजूस निळ्या शाईत एकच ओळ होती : ‘आपली मोटार, सन १९११.’

ते गृहस्थ म्हणजे त्या मुलाचे खापरपणजोबा. गावच्या शाळेची स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात हे चित्र ‘तालुक्यातील पहिली मोटार’ म्हणून छापायचे ठरले होते. दुसऱ्या एका घराण्याचे म्हणणे असे, की त्यांची मोटार १९१४ सालची, म्हणून पहिला मान त्यांचा. मुलगा म्हणाला, “सर, छापण्याआधी १९११ हे साल पक्के करायचे आहे. निव्वळ चित्रावरून कळेल का?”

कळेल, पण सगळे नाही. किती कळेल आणि किती कळणार नाही, हे ठरवणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे. चला, आपणही ते चित्र पायरीपायरीने वाचू या.

हंड्यातील नाणी

शेतात नांगरताना नाण्यांचा हंडा सापडला, तर तो केव्हा पुरला हे कसे ठरवतात? हंड्यात शंभर नाणी जुन्या राजांची असतील आणि एकच नाणे नव्या राजाचे असेल, तर निर्णय त्या एका नाण्यावर होतो. ते नाणे पाडले जाण्यापूर्वी हंडा पुरला जाणे शक्य नाही. जुनी नाणी कितीही असोत, त्यांवरून फारसे सिद्ध होत नाही, कारण जुनी नाणी पुढे वर्षानुवर्षे चालतच राहतात.

मोटारीचेही तसेच आहे. तिच्यावरचा सर्वांत नवा भाग आपल्याला ‘याआधी नाही’ अशी मर्यादा देतो. जुना भाग तेवढे बळकट काही सांगत नाही, कारण जुनी मोटार वीस वर्षे वापरात राहू शकते. शिवाय मोटार तयार झाली ते साल आणि तिचे छायाचित्र काढले ते साल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज एखाद्याने तीस वर्षांपूर्वीच्या स्कूटरजवळ उभे राहून फोटो काढला, तर तो फोटो काही तीस वर्षांपूर्वीचा होत नाही! म्हणून ‘यानंतर नाही’ ही दुसरी मर्यादा बहुधा मोटारीबाहेरच शोधावी लागते. माणसे, पोशाख, इमारती, कागद, मागचा मजकूर यांत ती सापडते.

भौतिकीच्या प्रयोगवहीत तुम्ही लांबी ‘१२.४ ± ०.१ सेंटीमीटर’ अशी लिहिता. इथेही उत्तर एक साल नसून दोन सालांमधले अंतर असते. जितके स्वतंत्र पुरावे मिळतील, तितके ते अंतर आवळत जाते.

मोटार कोणती?

पहिला प्रश्न सालाचा नव्हे, ओळखीचा. रेडिएटरवर नाव असते, पण आमच्या चित्रात तिथे उन्हाची तिरीप पडून सगळे पांढरे झाले होते. मग काय करावे? मोजमाप करावे.

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. त्या काळातील जगभरच्या चित्रांत ती वारंवार भेटते, म्हणून पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर १०० इंच होते आणि टायरसकट चाकाचा व्यास सुमारे ३० इंच. म्हणजे आसांतील अंतर भागिले चाकाचा व्यास, हे गुणोत्तर सुमारे ३.३३ येते.

मोटार अगदी बाजूने घेतलेली असेल तर मोजणे सोपे. पण आमच्या चित्रात ती तिरपी उभी होती. तिरपे पाहिले की वर्तुळ लंबवर्तुळासारखे दिसते. ताटली हातात धरून फिरवा म्हणजे लगेच पटेल. उंची तेवढीच राहते, रुंदी मात्र आखडते. आता गंमत पाहा. चाकाची रुंदी ज्या प्रमाणात आखडते, त्याच प्रमाणात दोन चाकांमधले अंतरही आखडते, कारण दोन्ही आडव्या लांबी एकाच प्रतलात आहेत. म्हणून आसांतील अंतराला चाकाच्या उंचीने न भागता रुंदीने भागले, तर मोटार किती तिरपी आहे याने फरक पडत नाही.

कॅमेऱ्याजवळचे चाक मोठे व दूरचे लहान दिसते, म्हणून एकाच बाजूच्या दोन्ही चाकांची मापे घेऊन सरासरी काढावी. आमची मापे अशी आली : पुढचे चाक उंची १९ मिलिमीटर, रुंदी १६, मागचे चाक उंची १७, रुंदी १४. सरासरी उंची १८ आणि रुंदी १५. आसांतील अंतर ५० मिलिमीटर. ५० भागिले १५ म्हणजे ३.३३. रुंदी भागिले उंची म्हणजे १५ भागिले १८, हे ०.८३ आले. ही त्या कोनाची कोज्या होय. त्यावरून मोटार सुमारे ३४ अंशांनी वळलेली होती असे निघते.

मुलगा खूश झाला. पण थांबा! रुंदी मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते आणि तेवढ्याने उत्तर ३.२ पासून ३.४५ पर्यंत हलते. त्या टप्प्यात दुसऱ्या काही मोटारीही बसतील. गुणोत्तर जुळले नसते, तर मॉडेल टी बाद झाली असती. जुळले म्हणजे ती फक्त शर्यतीत राहिली. विज्ञानात पुरावा बहुधा असाच काम करतो. तो चुकीचे उत्तर ठामपणे बाद करतो, बरोबर उत्तराला मात्र एकदम शिक्का देत नाही.

म्हणून दुसरी खूण पाहिली. बहुतेक मोटारींना पुढच्या बाजूस पट्ट्यांच्या दोन स्प्रिंगा असत, एक डावीकडे व एक उजवीकडे, मोटारीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या. मॉडेल टीला पुढे एकच स्प्रिंग होती आणि ती आसाच्या वर, या चाकाकडून त्या चाकाकडे, धनुष्यासारखी आडवी होती. भिंगातून पाहिले, रेडिएटरच्या खाली ते धनुष्य स्पष्ट दिसले. आता ओळख पटली.

एक शंका मुलाने लगेच काढली. “सर, अमेरिकन फोर्डचे स्टिअरिंग डावीकडे असते ना? इथे तर उजवीकडे आहे.” शंका रास्त होती. मॉडेल टीचे स्टिअरिंग अमेरिकेत पहिल्यापासून डावीकडेच होते. परंतु ब्रिटन सोडून ब्रिटिश साम्राज्यातील इतर देशांना फोर्ड मोटारी पुरवण्याचे काम कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होते आणि डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी ती उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या बनवी. हिंदुस्थानात आलेली फोर्ड उजव्या स्टिअरिंगची असणे स्वाभाविकच होते.

तरीही आम्ही एक खबरदारी घेतली. काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापली, की चित्रात डावे-उजवे बदलते. ते ओळखायचे कसे? अक्षरे दिसत असतील तर ती पाहावीत. नसतील तर पुरुषाच्या कोटाची बटणे पाहावीत. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते. खापरपणजोबांच्या कोटाने साक्ष दिली, चित्र सरळ छापलेले होते.

दिवे काय सांगतात?

मोटारीचा काळ ओळखायला दिव्यांइतका बोलका भाग दुसरा नाही. सुरुवातीच्या गाड्यांना घोडागाडीसारखे रॉकेलचे दिवे असत. त्यांचा उपयोग रस्ता दिसण्यापेक्षा आपण इतरांना दिसावे यासाठीच. पुढे अॅसिटिलिनचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी टाकले, की अॅसिटिलिन वायू तयार होतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. चित्रात मोठे पितळी दिवे दिसले आणि त्यांच्यापासून एखादी रबरी नळी फूटबोर्डवरच्या डब्याकडे गेलेली दिसली, तर तो डबा म्हणजे वायू तयार करण्याचे यंत्र समजावे.

नंतर वीज आली. कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या नमुन्यात विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर एकत्र दिला. मॉडेल टीला पुढचे विजेचे दिवे मिळाले ते १९१५ च्या नमुन्यापासून. त्यांची वीज बॅटरीतून येत नव्हती. एंजिनाच्या फिरत्या जड चाकावर सोळा चुंबके बसवलेली होती आणि त्यांच्यासमोर तारेची वेटोळी स्थिर होती. फॅरेडेचा नियम तुम्ही शिकला आहात. चुंबके जितकी वेगाने फिरतील, तितका विद्युत्दाब जास्त. परिणाम असा, की मोटार वेगात असली की दिवे झगझगत आणि खड्ड्यांतून सावकाश जाताना, म्हणजे जेव्हा उजेडाची खरी गरज, तेव्हाच ते मंद होत! सायकलच्या डायनॅमोचा दिवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आमच्या चित्रात पुढचे दोन दिवे विजेचे होते. नळी नाही, डबा नाही, वर धूर जाण्याची चिमणीही नाही. वर काचेच्या चौकटीजवळ रॉकेलचे दोन छोटे दिवे मात्र होते. मॉडेल टीवर ही जोडी बरीच वर्षे एकत्र नांदली, कारण एंजिन बंद असताना विजेचे दिवे लागतच नसत.

म्हणजे ‘१९१५ च्या नमुन्याआधी नाही’ असे म्हणायचे का? इथे एक मोठी फसगत होऊ शकते. जुन्या गाडीला नवे दिवे बसवणे अवघड नव्हते आणि फोर्डसाठी असे जादा सुटे भाग बाजारात मुबलक मिळत. तेव्हा १९१० ची गाडी आणि १९१६ चे दिवे असेही घडू शकते. पण जरा विचार करा. आपला प्रश्न छायाचित्राच्या सालाचा आहे. दिवे नंतर बसवलेले असले तरी ते चित्रात आहेत, म्हणजे चित्र त्या दिव्यांच्या आधीचे नव्हे. गाडीचे वय चुकेल, चित्राची ‘याआधी नाही’ ही मर्यादा चुकणार नाही. हंड्यातले नवे नाणे ते हेच.

रेडिएटर, टायर आणि ब्रेक

मॉडेल टीचा रेडिएटर १९१६ पर्यंत पितळेचा, चकचकीत व काटकोनी होता. १९१७ चा नमुना १९१६ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. त्यात रेडिएटरवर काळ्या रंगाचे गोलसर कवच आले, बॉनेट उंच झाले आणि मडगार्ड सपाट होते ते बाकदार झाले. आमच्या चित्रात कवच काळे, बॉनेट उंच, मडगार्ड बाकदार. बदललेले तिन्ही भाग एकमेकांशी जुळत होते. सारेच नंतर बदलले असण्याचा संभव फारच थोडा. मर्यादा १९१६ वर सरकली.

टायरचा रंगही पाहण्यासारखा असतो. सुरुवातीचे टायर फिकट, पांढुरके असत. रबर अधिक टिकावे म्हणून त्यात काजळीसारखा बारीक कार्बन मिसळण्याची पद्धत १९१० नंतरच्या दशकात रूढ झाली आणि टायर काळे झाले. ही खूण मात्र ढोबळ आहे. टायर वारंवार बदलले जातात आणि धुळीने काळा टायरही पांढरा दिसतो.

पुढच्या चाकांना ब्रेक आहेत का, हेही पाहावे. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूस गोल डबीसारखा ड्रम दिसला, तर चित्र बहुधा १९२० नंतरचे असते, कारण साध्या मोटारींना चारही चाकांचे ब्रेक १९२३-२४ च्या सुमारास मिळू लागले. मॉडेल टीला पुढचे ब्रेक शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

१९२६ च्या नमुन्यात मॉडेल टीचा बांधा बदलून ठेंगणा झाला आणि मडगार्ड रुंद झाले. आमच्या चित्रातली गाडी जुन्या, उंच बांध्याची होती. तेव्हा ती १९१६ ते १९२५ या काळात तयार झालेली. चित्र १९१६ च्या आधीचे नाही, हे ठरले. १९११ साल बाद झाले.

डोळ्यांना फसवणाऱ्या दोन गोष्टी

पुढे जाण्याआधी कॅमेऱ्याच्या दोन खोडी सांगतो, कारण मोटारीइतकेच कॅमेऱ्याचे भौतिकशास्त्रही जाणायला हवे.

पहिली खोडी रंगाची. जुन्या काचांवरील रसायनाला निळा प्रकाश चांगला ‘दिसे’, पण तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळी वस्तू चित्रात फिकट येई व तांबडी वस्तू काळी. मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, असे आपण ऐकतो. पण ते सुमारे १९१४ ते १९२५ या काळापुरतेच खरे आहे. त्यापूर्वी ती लाल, हिरवी, करडी, निळी अशीही मिळे. म्हणून ‘गाडी काळी दिसते, सबब १९१४ नंतरची’ हा तर्क लंगडा ठरतो. आम्ही रेडिएटर ओळखला तो रंगाइतकाच त्याच्या गोल आकारावरून.

दुसरी खोडी वेगाची. झाक आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने तरुणपणी काढलेले शर्यतीच्या मोटारीचे एक चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात मोटारीचे चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलेले दिसते आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक मागे झुकलेले. त्याच्या कॅमेऱ्यात एक आडवी फट काचेसमोरून सरकत जाई आणि चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उमटे. चाकाचा तळ आधी उमटला. माथा उमटेपर्यंत मोटार पुढे गेली होती, म्हणून माथा पुढे. लार्तिग मोटारीच्या दिशेने कॅमेरा वळवत होता, त्यामुळे स्थिर उभे प्रेक्षक कॅमेऱ्याच्या दृष्टीने मागे सरकले आणि उलट दिशेने कलले. अशा चित्रावर आपले चाकाच्या रुंदीचे गुणोत्तर वापरून चालणार नाही. ते उभ्या गाडीसाठीच आहे.

या चित्राची आणखी एक कथा आहे. कित्येक वर्षे ते १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीतील देलाज मोटारीचे म्हणून पुस्तकांत छापले जात होते. गाडीवर ६ हा आकडा स्पष्ट दिसतो. पुढे अभ्यासकांनी बारकाईने तपासले, तेव्हा ती १९१३ च्या शर्यतीतील श्नायडर मोटार असल्याचे लक्षात आले. चित्र जगाच्या डोळ्यांसमोर होते, तरी चित्राखालची ओळच सगळे वाचत राहिले. नामांकित चित्राची ही गत, तर आपल्या घरातल्या पेटीतल्या चित्रांचे काय!

‘यानंतर नाही’

आता दुसरी मर्यादा. मोटार १९१६ ते १९२५ मधली असली, तरी चित्र १९३५ मध्येही काढलेले असू शकते. इथे मोटार गप्प बसते. मग बोलणार कोण? फूटबोर्डवरची मुलगी!

मी मुलाला विचारले, “ही कोण?” घरी विचारून तो दुसऱ्या दिवशी आला. ती त्याच्या आजोबांची आत्या. तिची जन्मपत्रिका देवघरातल्या पेटीत होती. जन्म श्रावण शके १८४०. शकात ७८ मिळवले की या महिन्यासाठी इसवी सन मिळतो, म्हणजे १९१८. चित्रातली मुलगी तीन वर्षांपेक्षा लहान वाटत नाही आणि सातांपेक्षा मोठीही नाही. म्हणजे चित्र १९२१ ते १९२५ या काळातले. मोटारीने सांगितलेल्या मर्यादेत हे अगदी चपखल बसते. मोटार आणि जन्मपत्रिका यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, म्हणूनच त्यांचे जुळणे मोलाचे. आम्ही उत्तर लिहिले : १९२३, दोन वर्षे इकडे किंवा तिकडे.

मुलाचा चेहरा पडला. “म्हणजे मागे लिहिणाऱ्याने खोटे लिहिले?”

मी त्याला चित्र उलटे करून भिंगातून ती ओळ पाहायला सांगितली. अक्षरांची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, कागदावर दाबाने पडलेली बारीक चरी आणि मधूनमधून शाईचा चिकट ठिपका. ते बॉलपेन होते. बॉलपेन बाजारात आले ते १९४० नंतरच्या दशकात. म्हणजे ती ओळ चित्र काढल्यावर निदान वीस वर्षांनी, कोणीतरी आठवणीने लिहिलेली होती. त्यात लबाडी नाही. आठवणीला प्रयोगवहीसारखी ‘±’ची सवय नसते, एवढेच. खापरपणजोबांनी १९११ मध्ये एखादी दुसरी मोटार घेतली असेलही. पण या चित्राला ते सिद्ध करता येत नाही.

मुलाने हे सारे आजोबांना सांगितले. पहिलेपणाचा मान हातचा जात होता. आजोबा थोडा वेळ चित्राकडे पाहत बसले आणि म्हणाले, “आत्याचा लहानपणीचा फोटो आहे हे मला आजवर कुणी सांगितलेच नव्हते.” स्मरणिकेत ते चित्र छापले गेले. खाली ओळ होती : ‘गावातील एक जुनी फोर्ड मोटार, सुमारे १९२३.’ ‘पहिली’ हा शब्द गाळला आणि त्याच्या जागी फूटबोर्डवर बसलेल्या मुलीचे नाव आले.

करून पाहा

१. ज्याचे साल नक्की ठाऊक आहे असे घरातले एखादे छायाचित्र घ्या. ते साल विसरून, केवळ चित्रातल्या खुणांवरून ‘याआधी नाही’ आणि ‘यानंतर नाही’ अशा मर्यादा काढा. खरे साल त्यांच्यामध्ये येते का? येत नसेल तर कोणती खूण फसवी निघाली ते शोधा.

२. वाहनाच्या पाटीवर ‘एमएच’ ही अक्षरे दिसली, तर चित्र १९८९ च्या आधीचे नसते, कारण महाराष्ट्रात ही पद्धत त्या वर्षी सुरू झाली. अँबॅसडर मोटार आपल्याकडे १९५७ पासून तयार होऊ लागली व २०१४ मध्ये बंद झाली. एका चित्रात जुन्या पद्धतीच्या पाटीची अँबॅसडर दिसते. यातली कोणती मर्यादा बळकट आणि कोणती कच्ची? का?

३. उभ्या सायकलीकडे निरनिराळ्या कोनांतून पाहून पाच छायाचित्रे काढा. प्रत्येकात आसांतील अंतर भागिले चाकाची रुंदी काढा. कॅमेरा अगदी जवळ नेल्यावर उत्तर का बिघडते, याचा विचार करा.

शिक्षकांना एक सूचना. हा पाठ वर्गात घेताना मुलांना शक्यतो आपापल्या घरची चित्रे आणायला सांगावीत आणि उत्तर एका सालात न मागता दोन सालांत मागावे. तसेच एक अट घालावी : चित्रामागचा मजकूर सर्वांत शेवटी वाचायचा.